'कॅसाब्लांका': लपवलेला बेत, लपवलेलं विमान

मंडळी, आत्ताच आपण पाहिलेल्या 'कॅसाब्लांका'त दोन माणसं एकमेकांपासून महत्त्वाची गोष्ट लपवतात. आपलं लग्न झालं होतं हे नायिका इल्सा पॅरिसमध्ये नायक रिकला सांगत नाही. नवरा छळछावणीत मेला असं ती धरून चाललेली असते. शेवटी रिक तिला, पोलीस अधिकारी कॅप्टन रेनोला आणि आपल्यालाही अंधारात ठेवतो. देश सोडायच्या परवाना-पत्रांवर कुणाची नावं घालायची हे तो विमानतळावर सांगतो, तेव्हा कुठे त्याचा बेत कळतो. मला या सिनेमाचं खरं बळ तिथंच दिसतं.

नवरा मेल्याची समजूत कथेत यावी लागली, कारण हॉलिवूडवर तेव्हा निर्मिती संहितेचा, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं याच्या नियमावलीचा, अंमल होता. जोसेफ ब्रीन यांचं कार्यालय पटकथा तपासायचं. नवरा जिवंत आहे हे ठाऊक असताना बाईनं दुसऱ्यावर प्रेम केलेलं त्यांना चाललं नसतं. रिकच्या खोलीतल्या भेटीलाही त्यांची हरकत होती. म्हणून मिठीनंतर पडद्यावर विमानतळाचा मनोरा येतो, मग पुन्हा खोली. मधलं प्रेक्षकानं समजून घ्यायचं.

१९४२च्या मे ते ऑगस्टमध्ये चित्रीकरण झालं, तेव्हा पटकथा अजून लिहिली जात होती. आपण शेवटी कुणाबरोबर जाणार हे इल्सा झालेल्या इन्ग्रिड बर्गमन यांनाही बराच काळ माहीत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरची घालमेल पुन्हा नीट बघा.

आता विमान. विमानतळावरचा तो शेवटचा प्रसंग स्टुडिओत झाला. मागे लहान आकाराचं नकली विमान, ते मोठं वाटावं म्हणून त्याच्याभोवती बुटके कलाकार आणि वर धुकं. चाळीसगावच्या केकी मूस यांची टेबल-टॉप, म्हणजे टेबलावर छोट्या वस्तू मांडून काढलेली, छायाचित्रं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही विद्या परकी वाटणार नाही.

इथल्या लघुपटवाल्यांनी ती जरूर वापरावी. अर्ध्या आकाराची प्रतिकृती ५० फुटांवर ठेवली की ती १०० फुटांवरच्या खऱ्या वस्तूएवढी दिसते. फसतं ते जमिनीपाशी. कॅमेरा ५ फूट उंचीवर असेल तर प्रतिकृती अडीच फूट उचला, नाहीतर चाकं फार खाली दिसतात. उचललेला पाया धुरानं झाका. जवळचं पात्र आणि मागची वस्तू दोन्ही स्पष्ट हवीत, म्हणून २४ ते ३५ मिमीची लेन्स आणि तिचं छिद्र (अ‍ॅपर्चर) लहान, एफ ८ ते एफ ११. एफ २.८वरून एफ ८वर गेलात की आठपट प्रकाश लागतो, दिव्यांची सोय आधी करा. कॅमेरा तिपाईवर घट्ट असू द्या. तो बाजूला सरकला की जवळचं आणि लांबचं वेगवेगळ्या वेगानं हलतं आणि सोंग उघडं पडतं.

धूर उघड्यावर करू नका, वाऱ्यात टिकत नाही. रिकामं गोडाऊन बघा, पंखे बंद करा, दोन टेकच्या मधे मात्र दारं उघडा. उजेड मागून किंवा बाजूनं द्या. समोरून दिला तर धुराची पांढरी भिंत होते. आणि प्रत्येक टेकला धूर सारखाच दाट ठेवा, नाहीतर संकलनात दोन शॉट जुळत नाहीत.