रिफ्रेश करूनही जुनंच पान का दिसतं? सर्व्हिस वर्करच्या अपडेटची खरी अडचण

नमस्कार मंडळी. गेल्या तीन व्हिडिओंखाली एकच प्रश्न सारखा येतोय. "ताई, डिप्लॉय केलं (म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवला), सर्व्हरवर नवीन फाइल आहे, पाच वेळा रिफ्रेश मारला, तरी जुनंच पान दिसतंय." आज फक्त यावरच बोलणार आहे.

सर्व्हिस वर्कर म्हणजे पान आणि सर्व्हर यांच्या मधे बसून रिक्वेस्ट हाताळणारी ब्राउझरमधली स्क्रिप्ट. तो रजिस्टर कसा करायचा, एचटीटीपीएस का लागतं, हे तुम्हाला येतं असं धरून चालते. अपडेट ओळखण्याचा भागही सोपा आहे. वर्करच्या स्कोपमधलं, म्हणजे तो सांभाळतो त्या भागातलं, पान उघडलं की ब्राउझर वर्करची फाइल पुन्हा मागवतो आणि आपल्याकडच्या फाइलशी बाइट न् बाइट ताडून बघतो. एक स्पेस बदलली तरी त्याच्या लेखी तो नवा वर्कर. मग इन्स्टॉल इव्हेंट चालतो, तो नीट पार पडला की नवा वर्कर तयार होतो... आणि थांबतो. वेटिंग. जुन्या वर्करच्या ताब्यातलं प्रत्येक पान बंद होईपर्यंत तो पुढे जात नाही. सगळं घोडं इथेच अडतं.

आता नीट बघा. एकच टॅब उघडा आहे, दुसरा कुठलाही नाही. तुम्ही रिफ्रेश दाबलात. आपल्याला वाटतं जुनं पान गेलं, मग नवीन आलं. म्हणजे मधे क्षणभर जागा मोकळी झाली. तसं होत नाही! ब्राउझर आधी नवीन पानाची रिक्वेस्ट पाठवतो, आणि रिस्पॉन्सचे हेडर हातात येईपर्यंत जुनं पान जागचं हलत नाही. हेडर आल्यावरही ते राहू शकतं, कारण रिस्पॉन्स म्हणजे डाउनलोड करायची फाइल निघाली तर पान बदलायचंच नसतं. आणि ही रिक्वेस्ट हाताळतो कोण? जुना वर्कर. म्हणजे जुन्या वर्करकडे एकही पान नाही असा क्षण रिफ्रेशमध्ये येतच नाही. पाच वेळा मारा नाहीतर पन्नास वेळा.

हेच डेव्हटूल्समध्ये बघा. ॲप्लिकेशन पॅनेल, त्यात सर्व्हिस वर्कर्स. वरच्या ओळीत हिरवा ठिपका, जुन्या वर्करचा आकडा, पुढे 'ॲक्टिव्हेटेड'. त्याखाली दुसरी ओळ, नव्या वर्करचा त्याहून मोठा आकडा, पुढे 'वेटिंग टू ॲक्टिव्हेट'. आता मी रिफ्रेश करते. दोन्ही ओळी तशाच. पुन्हा करते. तशाच. आता हा टॅब बंद करते, याच साइटचा दुसरा टॅब उघडा नाही याची खात्री करते, आणि साइट नव्याने उघडते. खालचा आकडा वर आला. नवा वर्कर कामाला लागला.

इथे कमेंटमध्ये हमखास कुणीतरी लिहितं, "माझ्याकडे शिफ्ट दाबून रिलोड केलं की चालतं." चालणारच. शिफ्ट रिलोडमध्ये पान वर्करला वळसा घालून येतं. डेव्हटूल्सच्या याच पॅनेलमध्ये 'अपडेट ऑन रिलोड'ची खूण केली असेल तर ब्राउझर वेटिंगची पायरीच गाळतो. दोन्ही सोयी डेव्हलपरसाठी आहेत. तुमच्या मशीनवर नवीन पान दिसलं याचा अर्थ युजरला दिसलं असा होत नाही. टेस्टिंग करताना ती खूण काढा, कळकळीने सांगते.

मग उपाय म्हणून जो तो काय चिकटवतो? इन्स्टॉलमध्ये स्किपवेटिंग (न थांबता लगेच कामाला लाग), ॲक्टिव्हेटमध्ये, म्हणजे कामाला लागतानाच्या इव्हेंटमध्ये, क्लायंट्स डॉट क्लेम (उघडी पानं लगेच ताब्यात घे). दोन ओळी, प्रश्न मिटला. या सल्ल्याची मला खरंच चीड येते, कारण वेटिंग ही ब्राउझरची चूक नाही. तुमच्या साइटची एका वेळी एकच आवृत्ती चालावी म्हणून ती पायरी मुद्दाम ठेवली आहे. स्किपवेटिंग केलंत की उघडं पान जुनं, त्याचा कोड जुना, आणि त्याच्या रिक्वेस्ट हाताळणारा वर्कर नवा.

याची झळ मी सोसली आहे. एका प्रोजेक्टमध्ये पाच पायऱ्यांचा मोठा फॉर्म होता, प्रत्येक पायरीचा कोड लेझी लोड होणारा, म्हणजे ती पायरी आल्यावरच मागवला जाणारा, आणि फाइलच्या नावात हॅश, म्हणजे मजकूर बदलला की बदलणारा कोड. वर्करमध्ये याच दोन ओळी, आणि ॲक्टिव्हेटमध्ये जुने कॅशे, म्हणजे वर्करने साठवलेल्या फाइली, पुसायचा कोड. दुपारी डिप्लॉय झालं. युजर तेव्हा दुसऱ्या पायरीवर होते. मागच्या मागे नव्या वर्करने ताबा घेतला, जुना कॅशे पुसला. तिसऱ्या पायरीसाठी पानाने जुन्या हॅशची फाइल मागितली. ती कॅशेत नाही, सर्व्हरवरही नाही, कारण डिप्लॉयने जुना बिल्ड काढून टाकला होता. 'पुढे' बटण दाबलं की काहीच होईना. भरलेली माहिती समोर दिसतेय, पण पाठवता येत नाही. रिफ्रेश केलं तर फॉर्म रिकामा. दोन दिवस आम्ही बॅकएंडमध्ये दोष शोधत होतो.

म्हणून स्किपवेटिंग वापरा, पण युजरने होकार दिल्यावर. पान लोड झालं की आधी रजिस्ट्रेशनमध्ये (वर्कर रजिस्टर केल्यावर मिळणारा ऑब्जेक्ट) वेटिंगला कुणी आहे का ते बघा. ही तपासणी बरेच जण विसरतात. नुसता 'अपडेटफाउंड' (नवा वर्कर सापडल्याचा इव्हेंट) ऐकत बसतात, आणि आधीच्या भेटीत येऊन थांबलेला वर्कर त्यांना दिसतच नाही. कुणी नसेल तर 'अपडेटफाउंड' ऐका, नव्या वर्करची अवस्था 'इन्स्टॉल्ड' झाली आणि पानाला आधीपासून कंट्रोलर, म्हणजे पान सांभाळणारा वर्कर, असेल, तरच "नवीन आवृत्ती तयार आहे" अशी पट्टी दाखवा. कंट्रोलर नसेल तर ती पहिलीच भेट, तिथे पट्टीचं काय काम? युजरने बटण दाबलं की वेटिंगमधल्या वर्करला पोस्टमेसेजने तसा निरोप पाठवा. तो स्किपवेटिंग करेल, पानावर 'कंट्रोलरचेंज' (पान सांभाळणारा वर्कर बदलल्याचा इव्हेंट) येईल, तेव्हा रिलोड करा. एकदाच, त्यासाठी एक फ्लॅग ठेवा. नाहीतर 'अपडेट ऑन रिलोड' चालू असताना पान रिलोड होतच राहतं. आणि ॲक्टिव्हेटमध्ये क्लेम असेल तर पहिल्या भेटीतही कंट्रोलरचेंज येतो, म्हणजे आलेल्या माणसाचं पान विनाकारण रिलोड होतं. बाकीच्या टॅबमध्येही तो इव्हेंट येतो. तिथे कुणी अर्धा फॉर्म भरत असेल तर थेट रिलोड करू नका, आधी विचारा.

एकाने विचारलंय, वर्करच्या फाइललाच आवृत्तीचा आकडा दिला तर? नका देऊ. जुन्या वर्करने इंडेक्स एचटीएमएल कॅशेतून दिलं, तर त्यात जुन्याच फाइलचं नाव असतं. ब्राउझर नवीन नावाकडे फिरकतच नाही. नाव एकच ठेवा, मजकूर बदला.

'२४ तास थांबावं लागतं' हेही अजून ऐकू येतं. पूर्वी वर्करची फाइल एचटीटीपी कॅशेतून, म्हणजे ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यातून, येऊ शकायची आणि २४ तास ही तिची कमाल मर्यादा होती. २०१८ मध्ये क्रोम ६८ पासून मुख्य फाइलच्या तपासणीत तो कॅशे बाजूला ठेवतात. वर्करने इम्पोर्टस्क्रिप्ट्सने आणलेल्या इतर फाइलींना मात्र तो अजून लागू आहे. तिथे शंका असेल तर रजिस्टर करताना अपडेटव्हायाकॅशे हा पर्याय 'नन' द्या, म्हणजे तिथेही तो कॅशे वापरला जात नाही. आणि सिंगल पेज ॲपमध्ये टॅब दिवसभर उघडा राहतो, नॅव्हिगेशन होत नाही, म्हणून तपासणीही होत नाही. टॅब पुन्हा समोर आला की रजिस्ट्रेशनचं अपडेट बोलवा.

शेवटचा प्रश्न, वर्कर नकोच असेल तर? फाइल डिलीट करू नका. सर्व्हरने ४०४ दिलं की अपडेट फसतं आणि जुना वर्कर तसाच चालू राहतो. त्याच पत्त्यावर नवीन फाइल ठेवा: फेच हँडलर (रिक्वेस्ट हाताळणारा कोड) नाही, इन्स्टॉलमध्ये स्किपवेटिंग, ॲक्टिव्हेटमध्ये सगळे कॅशे पुसून अनरजिस्टर. बिघडलेल्या वर्करपासून सुटका करून घ्यायची असते तेव्हा न विचारता स्किपवेटिंग योग्यच आहे. ही फाइल किती दिवस ठेवायची? मी काढतच नाही. वर्षभराने साइट पुन्हा उघडणाऱ्या माणसाच्या ब्राउझरमध्ये जुना वर्कर अजून असू शकतो, आणि तो याच पत्त्यावर विचारायला येणार आहे.