विशेषणांनी माल खपत नाही

मंडळी, सुरुवात माझ्याच फजितीने करतो. ऑफिसच्या खुर्च्या विकणाऱ्या एका वेबसाइटचा मजकूर माझ्याकडे आला होता. मी लिहिलं, ‘आरामाचा नवा अनुभव’, ‘जागतिक दर्जा’, ‘खास तुमच्यासाठी’. मालक खूश, मीही खूश. गिऱ्हाईक मात्र पान उघडायचं, खाली सरकवायचं आणि निघून जायचं.

शेवटी ग्राहकसेवेकडे आलेले ईमेल मी मागून घेतले आणि एक अख्खी दुपार वाचत बसलो. पाठदुखीचं कुणी फारसं विचारतच नव्हतं. पुन्हा पुन्हा येत होता तो भलताच प्रश्न : खुर्ची सुट्या भागांत येते म्हणे, मग ती जोडायची कोणी? एका बाईंनी तर सरळ लिहिलं होतं, ‘मी जन्मात पाना हातात धरलेला नाही.’ आणि आमच्या पानावर याबद्दल चकार शब्द नव्हता! मी ‘जागतिक दर्जा’ पुसलं आणि तिथे लिहिलं : ‘पाच भाग, आठ स्क्रू. पाना खोक्यातच आहे. पहिल्यांदाच जोडत असाल तर वीसेक मिनिटं धरा.’ मिरवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. पण ते ईमेल आटले आणि ऑर्डरी यायला लागल्या.

तेव्हापासून मी टेबलाशी बसून सुचायची वाट बघत नाही. हा मजकूर गोळा करायचा असतो. तक्रारी वाचा, माल परत का आला ते वाचा, आणि रिव्ह्यूंमध्ये तीन स्टारवाले आधी वाचा. पाचवाला हरखलेला असतो, एकवाला चिडलेला. तीनवाला बिचारा काय जमलं आणि कुठे अडलं ते नीट सांगतो, तेही गिऱ्हाइकाच्याच शब्दांत. ते शब्द जसेच्या तसे उचला.

ही युक्ती काही वेबसाइटबरोबर जन्मलेली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत क्लॉड हॉपकिन्स या जाहिरात-लेखकाला श्लिट्झ बिअरची जाहिरात लिहायची होती. सगळ्या कंपन्या ‘शुद्ध, शुद्ध’ म्हणून ओरडत होत्या. हा गृहस्थ कारखाना बघायला गेला. गाळून घेतलेली हवा, यंत्राने चार-चारदा धुतलेल्या बाटल्या, सगळं पाहून आला आणि तेच लिहिलं. कंपनीचं म्हणणं होतं, ‘अहो, हे तर सगळेच करतात.’ करत होते, पण सांगत कुणीच नव्हतं. तुम्हाला रोजचं वाटतं म्हणून जे तुम्ही लिहीत नाही, नेमकं तेच बाहेरच्याला ठाऊक नसतं.

आता वाचण्याच्या सवयीबद्दल. १९९७ साली याकोब निल्सन आणि जॉन मॉर्क्स या वेब-अभ्यासकांनी लोक वेबपान कसं वाचतात ते तपासलं. ७९ टक्के लोक नवं पान नुसतं चाळत होते. शब्दन् शब्द वाचणारे १६ टक्के. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. एका पर्यटन-वेबसाइटचा मजकूर त्यांनी वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहून पाहिला. शब्द निम्म्यावर आणले तेव्हा वापरसुलभता, म्हणजे पान वापरायला किती सोपं जातं त्याचं माप, ५८ टक्क्यांनी वाढली. आणि लांबी तेवढीच ठेवून नुसती फुशारकी गाळली, तरी २७ टक्क्यांनी! कारण बढाई वाचली की डोकं आधी ती चाळणीतून काढायला लागतं, त्यातलं खरं किती, खोटं किती. या निवडण्यातच वाचणारा दमतो.

बटणाचं एका वाक्यात सांगतो : ‘सबमिट’ लिहू नका, दाबल्यावर काय होणार ते लिहा.

घड्याळाबद्दल मात्र थोडं भांडायचं आहे. ‘ऑफर संपायला दहा मिनिटं’ असं लाल अक्षरांत लिहिलेलं असतं, आकडे धावत असतात. पान रिफ्रेश केलं की पुन्हा दहा! गिऱ्हाईक हे एकदा करून बघतं, आणि मग खाली लिहिलेली खरी वॉरंटीसुद्धा त्याला थाप वाटते. मुदत खरी असेल तर सरळ तारीख घाला. नसेल तर ते घड्याळ आजच उतरवा.

तुमच्यापैकी काहींनी आपापली पानं आणली आहेत ना? पहिलं लावा पडद्यावर. मी मोठ्याने वाचतो, तुम्ही विशेषणं मोजा.