आधी वजन कुठे आहे ते ओळखा

ताई ची या संथ हालचालींच्या चिनी युद्धकलेचे धडे घ्यायला आलेली माणसं थोड्याच दिवसांत विचारतात, "ची, म्हणजे शरीरात वाहते असं मानतात ती प्राणशक्ती, कधी जाणवेल?" मी त्यांना उलट विचारते, "आत्ता तुमचं जास्त वजन कोणत्या पायावर आहे?" बहुतेकांना चटकन सांगता येत नाही. हे ओळखता आल्याशिवाय ची जाणवण्याच्या मागे लागू नये, एवढंच मला आज सांगायचं आहे.

खांदे आणि कोपर सैल सुटले, श्वास संथ झाला की तळहातांना ऊब येते, बोटं झिणझिणतात. हा अनुभव खरा आहे आणि पुष्कळांना तीच ची वाटते. चिनी परंपरेतल्या खुणा मी स्वतः रोज वापरते: नाभीखाली दोन-तीन बोटांवरचं दान्त्येन, पायाच्या तळव्यातलं योंगछुआन. लक्ष कुठे न्यायचं हे त्या अचूक सांगतात. पण चीचा वेगळा प्रवाह शरीरशास्त्राला सापडलेला नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगायलाच हवं. स्पर्श न करता शिष्यांना लांब फेकणारे गुरू व्हिडिओत दिसतात. त्यांनी या विद्येचं फार नुकसान केलं आहे.

मग आतली ताकद कशाला म्हणायचं? ताई चीची जुनी सूत्रं सांगतात की ताकद पावलात रुजते, पायांतून वर चढते, कंबर तिला दिशा देते आणि बोटांपाशी ती दिसते. घरी भिंतीला हात लावून करून पाहा. नुसत्या दंडांनी ढकललं तर खांदे कानांकडे चढतात, श्वास अडतो. आता मागच्या पायाने जमीन दाबा, खांदे खालीच राहू द्या. जोर जमिनीकडून येतो आणि हात फक्त तो पोचवतात. वाटेत एखादा सांधा आवळला की जोर तिथेच अडतो. माझ्या वर्गात तो बहुधा जांघेच्या घडीत अडतो. चिनी शिक्षक त्या जागेला ख्वा म्हणतात. ती घडी मोकळी झाली की कंबर आपोआप वळायला लागते, आणि त्यासाठी महिने गेले तरी ते सार्थकी लागतात.

सगळं एवढं संथ का, तर वेगात उचललेलं पाऊल झोक्यानेच पडतं आणि तोल कुठे गेला ते कळत नाही. संथ चालताना तोल सुटला की तो त्याच क्षणी कळतो. स्नायू आणि कंडरांतले संवेदक, कानातलं तोलाचं यंत्र आणि तळव्याची त्वचा मेंदूला सतत खबर देत असतात. आपण ती ऐकायला शिकतो. ताई ची जिथे रुजली त्या चीनच्या हेनान प्रांतातल्या चेन गावातही अंगाची हीच ओळख लढण्यासाठी घडवली जात होती. त्या गावात शिकलेल्या यांग लूछान यांनी १९व्या शतकात ही विद्या बेजिंगला नेली.

दोघांनी मनगटं टेकवून करायच्या तुईशोऊत तर सगळं उघडं पडतं. समोरचा ढकलतो तेव्हा अंग ताठ केलं की त्याला पकडायला जागा मिळते. ढिलं सोडलं की आपण कोसळतो. त्याचा जोर कोणत्या बाजूने येतो आहे हे कातडीनं ऐकायचं आणि कंबरेनं त्याला वाट द्यायची. इथे कल्पनेला थारा नाही, म्हणूनच मला हा सराव सगळ्यांत प्रामाणिक वाटतो.

२०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पार्किन्सनच्या १९५ रुग्णांचा अभ्यास छापून आला. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे ताई ची केलेल्यांचा तोल सुधारला आणि नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. मूळ आजार बरा होतो असा दावा त्यात नाही, आणि आपणही करू नये.

प्राणायाम करून आलेले काहीजण हालचालीला श्वासाची मोजणी जोडतात. सुरुवातीला ते सोडा, श्वास त्याच्या चालीनं चालू द्या. गुडघा मात्र कायम पावलाच्या बोटांच्या दिशेनेच वाकवा. तो आत कलला तर दुखणं मागे लागतं. गुडघे आधीच कुरकुरत असतील तर बैठक उंच ठेवा, म्हणजे गुडघे कमीच वाकवा. खाली बसण्याची घाई कुणालाही नको.