मॅन्युअलमधले चोरकप्पे

नमस्कार श्रोतेहो! तुमच्या घरातलं कुणी फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकत असेल, तर कर्निगन आणि रिची यांचं निळ्या 'सी'चं, म्हणजे 'सी' या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं, पुस्तक टेबलावर असेलच. निदान त्याची झेरॉक्स तरी. झेरॉक्स असेल तर शेवटची पानं आहेत का, तेवढं बघा. पैसे वाचवायला मुलं सूची गाळतात, आणि त्या पुस्तकातला उत्तम विनोद नेमका सूचीत आहे. १९८८च्या दुसऱ्या आवृत्तीत 'रिकर्शन' शोधा. रिकर्शन म्हणजे फंक्शननं, प्रोग्रॅमच्या एका तुकड्यानं, स्वतःलाच पुन्हा हाक मारणं. पुढे पानांचे आकडे: ८६, १३९, असं करत शेवटी २६९. आणि २६९ म्हणजे? तुम्ही उघडून बसलाय तेच सूचीचं पान! खुलासा नाही, काही नाही.

'इंटरकल' ही भाषा तर १९७२ साली प्रिन्स्टनच्या डॉन वुड्स आणि जेम्स लायन यांनी थट्टेखातरच रचली. सगळ्या मॅन्युअलना अपेंडिक्स, म्हणजे परिशिष्ट, असतं, म्हणून यांनी कापून काढता येणारा दुसरा अवयव जोडला: टॉन्सिल. या भाषेत कॉम्प्युटरला अधूनमधून 'प्लीज' म्हणावं लागतं. कमी म्हटलं तर उद्धट म्हणून प्रोग्रॅम परत, जास्त म्हटलं तर अतिनम्र म्हणून परत. आणि हा नियम मूळ मॅन्युअलमध्ये दिलेलाच नव्हता! कचेऱ्यांचे उंबरठे झिजवलेल्यांना हे समजावायला नको.

माझा पहिला नंबर मात्र बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सला. युनिक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम. त्यातल्या 'ट्यूनएफएस' या कमांडच्या माहितीपानावर, दोष सांगायच्या जागी, लिहिलंय: फाइल सिस्टिम ट्यून करता येते, मासा ट्यून करता येत नाही. ट्युना माशावरची कोटी. मडगावच्या मासळीबाजारात कुणी हसणार नाही. खरी गंमत त्या पानाच्या सोर्समध्ये, वाचकाला न दिसणाऱ्या टिपेत आहे. हे वाक्य काढाल तर युनिक्सचा डीमन, 'टाइम-टी' हा सेकंदांचा आकडा उलटेपर्यंत तुमची पाठ सोडणार नाही! डीमन म्हणजे पडद्याआड राबणारा प्रोग्रॅम. आपल्या गावच्या देवचारासारखा; राखण करतो, पण दिसत नाही. देवचार निदान रोट आणि विडीवर शांत होतो. याची मुदत मात्र ठरलेली: युनिक्स १९७०पासून सेकंद मोजतं, आणि ३२ बिटांचा तो आकडा १९ जानेवारी २०३८ला भरून उलटतो. आताच्या ६४ बिटांच्या मशिनवर हीच मुदत सुमारे २९२ अब्ज वर्षांची. तेव्हा ते वाक्य आहे तिथेच राहू दे.