डार्सीचे दहा हजार, जेनचे तीस: ब्रिटिश कादंबऱ्यांमधला हिशेब

नमस्कार मंडळी. इंग्रजी साहित्यात एम.ए. करणाऱ्या प्रत्येकाला घरीदारी एक प्रश्न हमखास विचारला जातो: "एवढ्या जाडजूड कादंबऱ्यांत असतं तरी काय?" वर्गातली उत्तरं ठरलेली आहेत. प्रेम, नीती, वर्गभेद, स्त्रीचं स्वत्व. परीक्षेत मीही तेच लिहिते, मार्क मिळतात. पण मला खासगीत विचाराल तर एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश कादंबऱ्यांत असतो पैसा. आणि तोही आकड्यांसकट! कोणाला वर्षाला किती येतात, कोणाच्या डोक्यावर किती देणं आहे, म्हातारा गेल्यावर घर कोणाला.

आमचं किराणा दुकान आहे. उधारीची वही बघत मोठी झालेय, त्यामुळे असेल, पौंडाचा आकडा दिसला की माझी पेन्सिल आपोआप तिथे जाते. आज त्या खुणा केलेली पानंच तुम्हाला दाखवते.

[हातात पुस्तक]

जेन ऑस्टेनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस', 1813. नायक डार्सी नाचाच्या समारंभात येतो आणि पाच मिनिटांच्या आत सगळ्या दालनात बातमी पसरते की याचं उत्पन्न वर्षाला 10,000 पौंड. माणूस अजून कोणाशी धड बोललेलाही नाही! बेनेट कुटुंबाचे वर्षाला 2,000 येतात, म्हणजे खाऊनपिऊन सुखी. गोची पुढे आहे. इस्टेटीवर 'एन्टेल' आहे, म्हणजे ती पुरुष वारसालाच जाणार अशी अट. घरात मुली पाच, मुलगा नाही. बाप गेला की घरदार दूरच्या नात्यातल्या कॉलिन्सचं.

हा कॉलिन्स त्या पाच मुलींतल्या एलिझाबेथला मागणी घालतो तो प्रसंग सगळे हसत वाचतात. मीही हसले. पण तो मध्येच एक वाक्य टाकतो, तिथे माझं हसू थांबलं. तो तिला सांगतो की तुझ्या नावावर चार टक्क्यांनी लावलेले फक्त 1,000 पौंड आहेत, आणि तेही आई गेल्यावर मिळणार. करा हिशेब. वर्षाला 40 पौंड. इतकं चुरचुरीत बोलणारी, सगळ्यांना आवडणारी आपली एलिझाबेथ, तिची सगळी पुंजी एवढीच.

ती नाही म्हणते. मग तिची मैत्रीण शार्लट, वय 27, त्याच कॉलिन्सला हो म्हणते. आमच्या वर्गात शार्लटला कोणी चांगलं म्हणेना. 'तडजोड केली', 'स्वाभिमान नाही'. मी एकटी तिच्या बाजूने भांडले, आणि अजूनही भांडेन. तिच्यापुढे दुसरी कुठली स्थळं रांगेत उभी होती हो? ऑस्टेनलाही हे पक्कं ठाऊक आहे. लग्न ठरल्याबरोबर शार्लटची आई मनातल्या मनात काय मोजते माहितीये? मिस्टर बेनेट अजून किती वर्षं जगतील! हे वाक्य मी तीनतीनदा वाचलं. इतकं गार, इतकं खरं आणि इतकं विनोदी.

जाता जाता हेही सांगते. ही कादंबरी ऑस्टेनने प्रकाशकाला 110 पौंडांना विकली, सगळ्या हक्कांसकट. तिला हवे होते 150.

आता 1847 ची, शार्लट ब्राँटेची 'जेन आयर'. हिच्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ही माझी आहे.

जेन अनाथ. लोवुडच्या शाळेत शिकवते, पगार वर्षाला 15 पौंड. एका रात्री ठरवते की इथून निघायचं, आणि स्वतःच वर्तमानपत्रात जाहिरात देते. थॉर्नफील्डहून उत्तर येतं: एका लहान मुलीला शिकवायचंय, वर्षाला 30 पौंड. दुप्पट! शार्लट ब्राँटे हे कल्पनेने लिहीत नव्हती. ती स्वतः अशा घरांत गव्हर्नेस, म्हणजे घरी राहून मुलांना शिकवणारी बाई, होती. 1841 मध्ये तिचा पगार ठरला 20 पौंड, पण कपडे धुण्याचा खर्च त्यातून कापायचा, म्हणून हातात पडणार 16.

थॉर्नफील्डचा मालक रॉचेस्टर. पुस्तकाच्या पाठीमागे छापतात तो रोमान्स हाच. लग्न ठरतं आणि तो तिला रेशमी कपडे, दागिने घ्यायला बाजारात नेतो. तिथे जेन गुदमरते. आपलं स्वतःचं काहीतरी असायला हवं, असं तिला वाटतं, आणि ती मदेरा बेटावर राहणाऱ्या काकांना पत्र लिहिते. आता गंमत बघा. पत्र पोहोचतं तेव्हा तिथे मेसन नावाचा माणूस असतो, रॉचेस्टरच्या पहिल्या बायकोचा भाऊ. ती बायको जिवंत आहे, त्याच घराच्या वरच्या मजल्यावर कोंडलेली. लग्न चर्चमध्ये मोडतं ते या पत्रामुळे. सगळे तिथे गूढ, भुताटकी, वेडसर हसणं शोधतात. मला दिसते एक मुलगी, जिला नवऱ्याच्या पैशावर सजायचं नव्हतं.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये लग्न झालं की बायकोचा पैसा सर्वसाधारणपणे नवऱ्याचा व्हायचा. ते बदलायला 1870 आणि 1882 चे कायदे यावे लागले. मग जेनचं गुदमरणं नखरा वाटत नाही.

ती पळून जाते. घोडागाडीवाला 30 शिलिंग मागतो, हिच्याकडे 20. म्हणजे एक पौंड, संपला. पुढे ती उपाशी हिंडते, डुकराला टाकायची थंडगार लापशी मागून खाते. ते पान वाचताना मी हातातला चहा बाजूला ठेवला होता. आणि मग काका वारतात, हिच्या नावावर 20,000 पौंड! ही काय करते? आत्तेभावंडं सापडलेली असतात, तर चौघांत सरळ वाटून टाकते. प्रत्येकी 5,000. गाईडमध्ये यावर एक ओळ असते. मला ती कादंबरीतली सगळ्यात धीट कृती वाटते, लग्नापेक्षाही.

अर्थात हा पैसा कुठून आला, तेही बघायला हवं. काकांचा व्यापार मदेरात. रॉचेस्टरला पहिल्या लग्नात मिळालेले 30,000 जमैकाचे, जिथे ऊस पिकायचा आणि माणसं गुलाम होती. आणि त्यात आपणही आहोत बरं का! जेनचा आत्तेभाऊ सेंट जॉन मिशनरी होऊन हिंदुस्तानात निघालाय आणि जेनला हिंदुस्तानी भाषा शिकायला बसवतो. इंग्लंडच्या वाऱ्यावादळात ही बिचारी आपली भाषा घोकतेय. मला आधी हसू आलं, मग जरा राग आला. त्या पुस्तकात आपण माणसं म्हणून येतच नाही, कोणाच्या तरी पुण्याची सोय म्हणून येतो. तरी पुस्तक आवडतं. दोन्ही खरं आहे, आणि मला त्यातलं एक निवडायचं नाहीये.

चार्ल्स डिकन्स थोडक्यात घेते. त्याच्या वडिलांना 1824 मध्ये कर्जापायी मार्शल्सी तुरुंगात टाकलं होतं आणि बारा वर्षांचा चार्ल्स आठवड्याला सहा शिलिंगांवर बूटपॉलिशच्या कारखान्यात पॉलिशच्या बरण्यांवर लेबलं लावत होता. त्यामुळे 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये कर्जाचा आकडा गोल नसतो: 123 पौंड, 15 शिलिंग, 6 पेन्स. नायक पिप हे देणं करून आजारी पडतो. लहानपणी त्याला वाढवणारा, 'जो' नावाचा लोहार, ज्याची त्याला लंडनमध्ये लाज वाटलेली असते, तोच येऊन शुश्रूषा करतो, देणं फेडतो आणि पहाटे न सांगता निघून जातो. मागे राहते एक चिठ्ठी आणि त्यात पावती. मी रडले. पावतीवर रडले, हो.

जॉर्ज एलियटच्या 'मिडलमार्च' या कादंबरीला सुरुवात म्हणून हात लावू नका. आधी वरच्या तीन वाचा.

आणि शेवटी 'वुदरिंग हाइट्स', हीसुद्धा 1847 ची, एमिली ब्राँटेची. हिने माझा हिशेब पार बिघडवला. हीथक्लिफ लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेलं पोर. शेजारचा लिंटन त्याला बघून म्हणतो, 'लास्कर' असेल. लास्कर म्हणजे आपल्याकडच्या किनाऱ्यांवरून इंग्रजी जहाजांवर गेलेले खलाशी. हा मुलगा मोठा होऊन घर सोडतो, तीनेक वर्षांनी परत येतो तो गर्भश्रीमंतासारखा. मग ज्या घरात वाढला त्या घरच्या मुलाला, हिंडलीला, जुगारासाठी पैसे देतो, जमीन गहाण घेतो, आणि हिंडली मेला की सगळं ह्याच्या ताब्यात. सावकारी कशी चालते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण ते पहिलं भांडवल आलं कुठून? एमिली सांगत नाही. सगळं सांगणारी नेली मोलकरीणसुद्धा सांगत नाही. सैन्यात गेला? जुगार? लिव्हरपूल हे गुलामांच्या व्यापाराचं मोठं बंदर, मग त्यातलं काही? मी दोनदा शोधलं, पुस्तकात एक आकडा नाही. तुम्ही वाचली असेल तर तुमचा अंदाज खाली लिहा. 'प्रेमाने श्रीमंत झाला' असं मात्र लिहू नका.