उद्याचा नाश्ता आज रात्री

नमस्कार. या, या, मागे अजून खुर्च्या आहेत. सुरुवातीलाच एक सांगून ठेवते. माझ्या शेजारी टेबलावर हे पातेलं दिसतंय, त्यावर ताट आणि ताटावर खलबत्त्यातला दगडी खल. त्याला आत्ता कुणी हात लावायचा नाही. आत काय आहे ते शेवटी. वासावरून ज्यांना कळलं असेल त्यांनी कृपा करून शेजारणीला सांगू नका.

फळ्यावर विषय लिहिलाय, 'घाईच्या सकाळसाठी सोपे घरगुती नाश्ते'. मंडळाच्या ताई फोनवर म्हणाल्या होत्या, सात-आठ पदार्थ सांगा, बायका लिहून घेतात. बऱ्याच जणींनी वह्या काढल्यात, तेव्हा पदार्थ सांगणारच आहे. पण एक गोष्ट मी कितीतरी वर्षं मनात घेऊन फिरतेय, ती आधी बोलू द्या. सकाळचा नाश्ता सकाळी होत नसतो. तो आदल्या रात्री होतो. कधी कधी तर तो एप्रिल-मे महिन्यातच होऊन डब्यात भरलेला असतो. सकाळी नुसती फोडणी पडते.

मी अठ्ठावीस वर्षं डोंबिवलीहून फोर्टला नोकरीला गेले. सकाळची सात बाराची लोकल. पावणेसातला घर सोडायचं, तोवर चौघांचे डबे, सासऱ्यांचा चहा, धाकट्याची आंघोळ. अशा घरात सव्वासहाला कुणी 'आज नाश्त्याला काय करू' असा विचार करायला लागलं, तर त्या घरात नाश्ता होत नाही, बिस्किटं होतात. हे मला लेडीज डब्यानं शिकवलं. संध्याकाळच्या परतीच्या गाडीत बायका काय करत असतात ते तुम्ही पाहिलंय. दादरला चढून घेतलेली मेथीची जुडी कुर्ल्यापर्यंत निवडून होते. वाटाणे सोलून होतात. मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर लसणीच्या पाकळ्या, आणि शेजारची अनोळखी बाईसुद्धा न विचारता चार पाकळ्या सोलायला घेते. ठाणं आलं की पिशवीला गाठ. त्या पिशवीत उद्याचा नाश्ता असतो. ते निवडून झालेलं आहे, एवढ्या एका कारणानं सकाळची दहा मिनिटं वाचतात. मला वाटतं आपल्या स्वयंपाकातलं खरं शहाणपण त्या डब्यात बसलेलं असायचं, आणि त्याची नोंद कुणी ठेवली नाही.

आता फोडणीच्या पोळीकडे येते. तुमच्याकडे काय म्हणतात हिला? ... कुस्करा. हो. ... मनोहरा, बरोबर. ... त्या कोपऱ्यातल्या आजी काय म्हणाल्या? माणिकपैंजण! वा. बघा, आदल्या दिवशीच्या चार उरलेल्या पोळ्यांना आपल्या बायकांनी 'माणिकपैंजण' असं नाव दिलंय. ज्या पदार्थाला इतक्या लाडाची नावं मिळतात तो कमीपणाचा कसा असेल?

हे एवढं आवेशानं सांगते, कारण मला ते एकदा लागलंय. माझा मोठा मुलगा तेव्हा दुसरीत होता. छोट्या सुट्टीच्या डब्यात मी फोडणीची पोळी दिली होती. पोळी हातानं चुरलेली, मिक्सरमधून काढलेली नव्हे. त्याचा भुसा होतो, तोंडात तुकडा आला पाहिजे. कांदा पारदर्शक होईपर्यंत परतलेला, शेंगदाणे आधी तेलात खमंग करून बाजूला काढलेले, हळद, थोडं तिखट, चिमूटभर साखर, ताकाचा हबका मारून झाकण, आणि वरून कोथिंबीर. पोराला अतिशय आवडायची. त्या दिवशी डबा तसाच परत आला. संध्याकाळी विचारलं तर काही बोलेना. रात्री अंथरुणात पडल्यावर म्हणाला, 'आई, बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, घरी ताजं करायला वेळ नाही का? आणि मग सगळे मला शिळी पोळी म्हणत होते.' दोन दिवसांनी शाळेची चिठ्ठी आली. डब्यात शिळे पदार्थ देऊ नयेत. सोबत एक यादी, आणि त्या यादीत ब्रेड-जॅम होता.

मी ती चिठ्ठी कितीतरी वेळ हातात धरून उभी होते. तो ब्रेड कुठल्या दिवशी भाजलेला असतो? जॅम किती महिन्यांपूर्वी बाटलीत भरलेला असतो? ते शिळं नाही, कारण ते पाकिटातून येतं. आणि माझ्या हातची बारा तासांपूर्वीची पोळी तेवढी शिळी! मुलानं पुढं चार वर्षं फोडणीची पोळी डब्यात नेली नाही. घरी खायचा, दार लावून. त्या बाईंवर आज माझा राग नाही. पण त्या एका वाक्यानं माझ्या घरातली सकाळ वीस मिनिटांनी लांबली, आणि ती वीस मिनिटं मी झोपेतून काढली. अशी वाक्यं किती घरांत किती बायकांना ऐकायला लागली असतील? या खोलीत हात वर करायला सांगत नाही, पण माना हलताना दिसतायत मला.

आपली भाषा याबाबतीत किती नेमकी आहे बघा. शिळं म्हणजे कालचं. आंबवलेलं म्हणजे मुद्दाम, चवीसाठी रात्रभर ठेवलेलं. आणि विटलेलं, नासलेलं म्हणजे टाकून द्यायचं. तीन शब्द, तीन वेगळ्या गोष्टी. आपण त्यांची सरमिसळ करून टाकली. श्रावणात शीतळा सप्तमीला तर चूल पेटवायचीच नाही, आदल्या दिवशी केलेलं खायचं, असा रिवाज आहे. शिळ्या भाकरीचा ताकातला काला खाऊन माणसं औताला गेली आहेत. ओडिशात रात्री भात पाण्यात घालून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी खातात, त्याला पखाळ म्हणतात, आणि 20 मार्चला तिथले लोक कौतुकानं पखाळ दिवस साजरा करतात.

मात्र इथे एक गोष्ट अगदी गंभीरपणे सांगायची आहे, तेव्हा पेन उचला. पोळीचं आणि भाताचं गणित एक नाही. पोळीत पाणी कमी, भातात भरपूर. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष सकाळच्या फोडणीनंही जात नाही. वासावरून कळेलच असंही नाही. म्हणून रात्रीचा भात उरला की ताटात पसरायचा, लवकर निववायचा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. मे महिन्यात तासाभरातच. सकाळी चांगला वाफ येईपर्यंत गरम करायचा. हे पाळलं तर फोडणीच्या भातासारखा नाश्ता नाही. गार झालेला भात मोकळा होतो, ताज्या भाताचा गिचका होतो. पाळायचं नसेल तर सरळ टाकून द्या, हळहळू नका. शिळ्याचा मान ठेवायचा तर त्याची शिस्तही ठेवली पाहिजे. मुंबईच्या दमट हवेत मे-जूनमध्ये पोळीसुद्धा फ्रिजमध्येच.

आणि आदल्या रात्रीचं काम म्हणजे परत बाईचंच काम, असं कुणी म्हणेल. नाही, इथेच तर मला मुद्दा मांडायचा आहे. सरकारनं 2019 मध्ये लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. त्यात आपल्याच घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्या कामात जाणारा वेळ दिवसाला सरासरी 299 मिनिटं निघाला, आणि पुरुषांचा 97. तोही जे पुरुष करतात त्यांचा, आणि करणारे होते साधारण चारात एक. सकाळी सव्वासहाला ओट्यापाशी एकटी बाई असते, बाकीचं घर अंथरुणात. पण रात्री साडेनऊला सगळं घर जागं असतं! टीव्हीसमोर बसून शेंगदाण्याची सालं कुणीही काढू शकतं. खोबरं कुणीही खवू शकतं. आमच्या घरी रात्री डाळ-तांदूळ भिजत घालायचं काम सासऱ्यांकडे होतं. वयाच्या सत्तरीत त्यांनी ते घेतलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद, चमचाभर मेथ्या, रोज तोच स्टीलचा पेला घेऊन मापायचे. म्हणजे काम सकाळवरून रात्रीवर ढकललं की ते वाटता येतं. सकाळी वाटता येत नाही. मागे बसलेल्या काकांनी हे लिहून घेतलं असेल अशी मला खात्री आहे. ... छान, टाळ्या तिकडूनच आल्या.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. अरे बापरे. बरं, लिहा भराभर.

भाजणी. हा उन्हाळ्यात होऊन गेलेला नाश्ता. आमच्या घरचं माप: चार वाट्या ज्वारी, दोन बाजरी, एक तांदूळ, एक गहू, एक हरभराडाळ, अर्धी उडीद, अर्धी धणे, दोन चमचे जिरे. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, कारण बाजरी आणि डाळ एका वेळी भाजून होत नाही, एक कच्चं राहतं नाहीतर दुसरं करपतं. मंद आच, खमंग वास येईपर्यंत. पूर्ण गार करून दळायचं, गरम दळलं तर डब्यात घाम धरतं. भाजल्यानं ओल जाते म्हणून टिकते, आणि निम्मं शिजलेलंच असतं म्हणून तव्यावर लवकर होतं. सकाळी कांदा, तिखट, मीठ, ओवा, थालीपीठ. थापायलाही वेळ नसेल तर मोकळ भाजणी करा: फोडणीत कांदा परतायचा, भाजणी घालून परतायची, ताकाचे हबके मारत झाकण ठेवायचं. सात मिनिटं.

रवा. रविवारी किलोभर रवा कोरडा भाजून डब्यात. झाला उपमा निम्मा. विदर्भातल्या मैत्रिणी याच रव्याचा तिखटमिठाचा सांजा करतात. बाजारात पाकिटात तयार उपमा मिळतो तोही मुळात भाजलेला रवाच असतो, त्यात फोडणीचं सुकं साहित्य घातलेलं असतं एवढंच.

उकड. एक वाटी तांदळाचं पीठ रात्रीच चाळून ठेवा. सकाळी अडीच-तीन वाट्या आंबट ताकात गुठळी न राहता कालवायचं. लसूण, मिरची, कढीपत्ता, हिंग, हळद यांची फोडणी, त्यात ओतून हलवत राहायचं, घट्ट झाली की झाकून दोन वाफा. ताटलीत घेऊन वर कच्चं तेल. हे कोकणातलं, आणि दात नसलेल्या माणसापासून दात येणाऱ्या बाळापर्यंत सगळ्यांना चालतं. बाळाला मिरची बाजूला काढून.

सुशीला. मराठवाड्याच्या बायका हसल्या बघा! चुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळून घ्यायचे, पोह्यांसारखी फोडणी, आणि वर डाळ्याचं कूट. ते विसरू नका, त्यानंच ओलेपणा शोषला जातो. पोह्यांपेक्षाही लवकर होतो.

आंबोळी. आमच्या सासऱ्यांचा पेला आठवा. रात्री भिजत घातलेलं सकाळी वाटत नाही आपण, संध्याकाळी वाटून रात्रभर आंबू द्यायचं, म्हणजे काम दोन दिवस आधी सुरू होतं. पण एकदा पीठ तयार असलं की तीन दिवसांची सकाळ सुटली. आंबवायला विसरलात तर घावन: नुसतं तांदळाचं पीठ, पाणी, मीठ, पातळ ताकासारखं, बिडाच्या तव्यावर. सिंधुदुर्गात याला कुणी अडाणी म्हणणार नाही.

नाचणीची आंबील. दोन चमचे पीठ ताकात रात्री कालवून ठेवायचं, सकाळी उकळत्या पाण्यात घालून शिजवायचं, गार झाल्यावर वर ताक, मीठ, जिरेपूड. पेल्यातून पिता येते, म्हणजे चपला घालतानाही.

पोहे कसे करायचे ते तुम्हाला सांगणार नाही, प्रत्येकीच्या आईची पद्धत बरोबर असते. एवढंच, जाडे पोहे भिजवू नका, चाळणीत धरून पाणी ओता आणि ठेवून द्या. मीठ, साखर, हळद पोह्यांनाच चोळून ठेवा. आणि कांदा रात्री चिरून डब्यात.

झाली का आठ? नाही, एक राहिला. तो इथे आहे. हा खल जरा कुणीतरी उचला, जड आहे. पातळ पोहे, दोन नारळांचं खवलेलं खोबरं, नारळाचंच थोडं पाणी, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबू, मीठ, साखर, आणि घरून निववून आणलेली हिंग-हिरव्या मिरचीची फोडणी. पोहे शिजवलेले नाहीत. मी बोलायला उभी राहिले तेव्हा दडपून ठेवले होते, आता खोबऱ्याच्या आणि कांद्याच्या ओलाव्यानं मऊ झाले असतील. ताट काढा ... हं, बघा वाफ नाही, पण कसे फुललेत. या पिशवीत पोह्याचे पापड तळून आणलेत, ते हातानं चुरून वर घाला, आधी नको, मऊ पडतील. ताटल्या खिडकीपाशी आहेत. माणिकपैंजणवाल्या आजींना पहिली द्या.