एसीखालची बादली

मंडळी, आजचा विषय पत्रिकेत छापलाय तो असा: उष्ण कटिबंधातल्या देशात नव्यानं राहायला आलेल्यांनी वीज, पाणी आणि गॅसची बिलं कशी वाचावीत. तिन्ही बिलांवर बोलणार आहे. पण टेबलावर ही बादली का ठेवलीय, ते आधी सांगतो. आत येताना तिघांनी विचारलं, की छत गळतंय का? छत शाबूत आहे. बादली माझी आहे, घरून आणलीय. आतून लिटरच्या खुणा केल्यात. माझं निम्मं व्याख्यान हिच्यात आहे.

तुमच्यातले बरेच जण थंड किंवा कोरड्या हवेच्या देशांतून आलात. तिथल्या बिलाला ऋतू असतो. हिवाळ्यात ते चढतं, वसंतात उतरतं, आणि माणूस मधले महिने श्वास घेतो. इथे, विषुववृत्ताच्या जवळ, दिवस बाराही महिने साधारण 12 तासांचा. रात्रसुद्धा फारशी गार होत नाही. पहिल्या महिन्याचं बिल आलं की आपण म्हणतो, उकाडा आहे, चालायचंच, पुढे उतरेल. ते उतरत नाही. आणि उकाडा हे त्याचं अर्धंच कारण आहे. या देशात आपण जेवढे पैसे हवा गार करायला देतो, जवळजवळ तेवढेच हवा पिळायला देतो. ओला टॉवेल पिळावा तशी.

एअर कंडिशनरचा जन्मच मुळी त्यासाठी झाला. 1902 साली विलिस कॅरियर नावाचा 25 वर्षांचा इंजिनिअर न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्याच्या अडचणीवर काम करत होता. रंगीत छपाईत एकेक रंग वेगळा छापायचा. मधल्या वेळात दमटपणानं कागद फुगायचा नाहीतर आकसायचा, आणि पुढचा रंग जागेवरून सरकायचा. कॅरियरनं गार नळ्यांवरून हवा फिरवली आणि तिच्यातलं पाणी काढून घेतलं. छापखान्याला तिथल्या माणसांना गारवा द्यायचा नव्हता, कागद कोरडा ठेवायचा होता. मला ही हकीकत फार आवडते, कारण आपल्या झोपायच्या खोलीत हे यंत्र आजही तेच काम करतंय आणि आपण मात्र त्याच्याकडे फक्त तापमानाचा आकडा मागतो.

आता बादलीची गोष्ट. इथे आलो तेव्हा आम्ही भाड्यानं घेतलेल्या घरात झोपायची खोली साधारण 12 चौरस मीटरची होती. एसी आधीपासून बसवलेला, एक टनाचा. दुसऱ्या महिन्याचं बिल पाहून मी एका दुकानात गेलो. तिथल्या माणसानं खोली न बघता निदान केलं, की यंत्र लहान आहे, म्हणून सारखं चालतं, म्हणून वीज खातं, दोन टनांचं घ्या. मी घेतलं. टन म्हणजे काय, हेही तेव्हा मला माहीत नव्हतं. हा टन बर्फाच्या जमान्यातला आहे. सुमारे 907 किलो बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेईल, तेवढी उष्णता काढायची ताकद म्हणजे एक टन. किलोवॅटमध्ये सांगायचं तर साडेतीन. म्हणजे मी त्या छोट्या खोलीत सात किलोवॅटची ताकद बसवली.

खोली दहा मिनिटांत गार व्हायची आणि कॉम्प्रेसर, म्हणजे यंत्राचा गारवा करणारा भाग, आपोआप थांबायचा. आपल्याला वाटतं, किती छान! पण हवेतलं पाणी निघायला यंत्राच्या आतली गार नळ्यांची जाळी बराच वेळ गार राहावी लागते. पाणी तिच्यावर जमतं, थेंब होतात, थेंब ओघळून नळीतून बाहेर पडतात. कॉम्प्रेसर मध्येच थांबला आणि पंखा मात्र चालू राहिला, तर जाळीवरचं पाणी पुन्हा खोलीतच येतं. आमच्या चादरी थंड आणि ओलसर लागायच्या. कपाटातल्या चपलांना बुरशी आली. अंग चिकट व्हायचं म्हणून आम्ही आकडा 24 वरून 21 वर नेला, मग 19 वर. नव्या यंत्राचे पैसे गेले ते गेलेच, बिलही वाढलं. त्या दुकानदाराचा राग मला आजही येतो. चुकीचा माल विकल्याचा तर आहेच, पण खोलीत पाऊल न टाकता त्यानं उत्तर दिलं, त्याचा जास्त आहे.

एका रात्री मी एसीच्या पाण्याच्या नळीखाली ही बादली ठेवली. सकाळी पाहिलं तर 12 लिटर! दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि घामातून फार तर एक लिटरच्या आसपास पाणी सोडतील. खिडक्या बंद होत्या. मग बाकीचं कुठून आलं?

ते सापडलं माझ्या बायकोला. खोलीला लागून न्हाणीघर होतं. तिथे बुरशी धरू नये म्हणून आम्ही छोटा एक्झॉस्ट पंखा रात्रभर चालू ठेवायचो. वीस वॅटचा पंखा, त्याचं ते काय बिल येणार! तिनं कागदी रुमाल न्हाणीघराच्या दाराखालच्या फटीपाशी धरला, तर तो आत ओढला गेला. मग खोलीच्या मुख्य दाराच्या फटीपाशी धरला, तिथे तो खोलीच्या दिशेनं फडफडला. पंखा आमची वाळवलेली हवा बाहेर टाकत होता, आणि तिच्या जागी फटींमधून बाहेरची दमट हवा येत होती.

हिशेब करून बघा, साधा आहे. इथल्या रात्रीच्या बाहेरच्या हवेत घनमीटरमागे सुमारे 22 ग्रॅम पाणी असतं. एसी लावलेल्या आरामशीर खोलीत 13 पुरे. म्हणजे आत येणारा प्रत्येक घनमीटर 9 ग्रॅम जास्तीचं पाणी घेऊन येतो. तो पंखा तासाला 100 घनमीटर हवा ओढत असेल तर आठ तासांत सात लिटर झाले. वाफेचं एक लिटर पाणी होताना सुमारे 0.68 युनिट (बिलातलाच युनिट, म्हणजे किलोवॅट-तास) उष्णता बाहेर पडते आणि ती एसीला वाहून न्यावी लागते. सात लिटरचे पावणेपाच युनिट. चांगलं यंत्र एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता हलवतं असं धरलं, तरी रात्रीला दीड युनिटहून जास्त वीज, महिन्याला पन्नासच्या घरात. पंख्याची स्वतःची वीज महिन्याला पाच युनिटसुद्धा नाही. त्या रात्री पंखा बंद केला, दाराखाली कापडाची वळकटी लावली. सकाळी बादलीत 5 लिटर होते.

तेव्हापासून घरातलं पाणी कुठून येतं, हे शोधायचा मला नादच लागला. धुतलेले कपडे एसीच्या खोलीत वाळत घालू नका. एका खेपेच्या कपड्यांत दोन-तीन लिटर पाणी सहज असतं, आणि ते सगळं एसीलाच काढावं लागतं. स्वयंपाकाचा गॅस जळताना पाणी तयार होतं, हे किती जणांना माहीत आहे? सिलिंडरमधला एक किलो गॅस जळला की सुमारे 1.6 किलो पाणी वाफ होऊन हवेत जातं. म्हणून स्वयंपाक चालू असताना तिथली खिडकी उघडी आणि एसीच्या खोलीचं दार बंद.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. भाड्याच्या घरात यंत्र घरमालकाचं असतं आणि बिल भाडेकरूचं. चांगलं इन्व्हर्टर यंत्र, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा एसी, घ्यायचं तर पैसे मालकाचे जातात, बचत तुमची होते. मग तो स्वस्तातलं किंवा दहा वर्षांचं जुनं यंत्र लावून मोकळा होतो. पश्चिमेला भिंतभर काच असलेली घरं तर नव्यानं आलेल्यांना हटकून दाखवतात, कारण सकाळी अकरा वाजता ती सुंदर दिसतात. घर दुपारी चार वाजता बघायला जा. एसीचं वय विचारा, त्याच्यावरचं वीजवापराचं लेबल वाचा, आणि यंत्राची सफाई कोणी करायची हे करारात लिहून घ्या.

चिठ्ठी आलीय, दहाच मिनिटं उरलीत. पत्रिकेतलं सगळं आता भराभर सांगतो, लिहून घ्या.

बऱ्याच देशांत वापर वाढेल तसे विजेचे दर टप्प्याटप्प्यानं चढतात. म्हणून बिलावर आधी किती दिवसांचं आहे ते बघा. दोन महिन्यांचे युनिट एका महिन्याच्या टप्प्यांत बसवले असतील, तर वरचे युनिट महाग दरानं लागतात. रीडिंग खरंच घेतलंय की अंदाजे टाकलंय, तेही बिलावर लिहिलेलं असतं. स्थिर आकार आणि इंधन अधिभार वेगळे काढा. स्थिर आकार तुमच्या वागण्यानं कमी होत नाही. घरमालक स्वतःचा पोटमीटर लावून युनिटमागे ठरावीक दर घेत असेल, तर त्याला आलेलं मूळ बिल बघायला मागा. मागताना संकोच करू नका.

घरात शिरलात त्याच दिवशी घरातला मेन स्विच बंद करून मीटरवरचा लाल दिवा बघा. तो तरीही लुकलुकत असेल तर मीटरनंतर आणि तुमच्या स्विचच्या आधी कुणीतरी जोडणी घेतलीय. जिन्यातला दिवा असेल, पाण्याचा पंप असेल. मग फक्त एसी लावा आणि एक मिनिट लुकलुक मोजा. मीटरवर एका युनिटला 3200 वेळा (3200 imp/kWh) असं लिहिलं असेल आणि मिनिटाला 64 वेळा दिवा लागला, तर यंत्र 1.2 किलोवॅट खातंय.

पाणी: रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहा, सकाळी कुणी नळ सोडायच्या आत पुन्हा बघा. फरक असेल तर आधी संडासाची टाकी तपासा. गीझर: इथल्या नळाचं पाणी मुळातच 27-28 अंशांचं असतं, अंघोळीला 40 पुरतं. साठवणीचा गीझर दिवसभर चालू ठेवू नका. फ्रिज भिंतीला चिकटवू नका, दाराच्या रबरात कागद अडकवून ओढा. सहज निघाला तर रबर बदला. एसीची धूळ अडवणारी पुढची जाळी (फिल्टर) दर पंधरा दिवसांनी धुवा, यंत्राचा पंखा ‘ऑटो’वर ठेवा, आणि छताचा पंखा लावून आकडा 26 वर न्या. खोली कोरडी असली की 26 अंशांना छान झोप लागते, हे मी स्वतः अनुभवलंय.

गॅसच्या बिलाचं राहिलं. ते तिघांत सर्वांत लहान, प्रश्नोत्तरांत घेऊ. ज्यांनी आपलं बिल सोबत आणलंय, त्यांनी पुढे या, एकेक वाचू. आणि ज्यांना आज रात्री मोजून बघायचंय त्यांच्यासाठी अशाच खुणा केलेल्या आणखी चार बादल्या दाराशी ठेवल्यात. घेऊन जा, पुढच्या बैठकीला आकडा सांगा आणि बादली परत आणा.